थांबा म्हणणारे विश्वनाथभाऊ

नागपूरच्या धंतोलीत एक मोठं हॉस्पिटल आणि एक पॅथॉलॉजी लॅब यांच्या मधल्या बोळात, जिन्याखाली, विश्वनाथभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंच ते दुकान. आजूबाजूच्या डॉक्टरांनी दर चार वर्षांनी गाड्या बदलल्या, विश्वनाथभाऊंनी दर चार वर्षांनी त्यांच्या कॉम्प्युटरचे पंखे बदलले.

त्यांची एक पद्धत होती. कुठलंही बंद पडलेलं मशीन आलं की आधी त्यातली रॅमची, म्हणजे मेमरीची, हिरवी पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं खोडरबर घासायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायची. निम्मी मशीनं तेवढ्यानंच सुरू व्हायची. त्याचे ते पैसे घेत नसत. "नुसतं खोडरबर चालवलं, त्याचं काय घ्यायचं?" म्हणत. अशा माणसाला धंतोलीत जिन्याखालीच जागा मिळणार, दुसरं काय?

दुसरी पद्धत म्हणजे सल्ला देण्याची. नवीन काही घ्यायला कोणी आलं की विश्वनाथभाऊ म्हणत, "थांबा." सत्तावीस वर्षं ते हेच सांगत आले होते. कॉम्प्युटरच्या वस्तूला आज जो भाव आहे तो सहा महिन्यांनी नसतो, उतरतोच. ज्यानं ऐकलं त्याचा फायदा झाला. ज्यानं ऐकलं नाही तो दिवाळीनंतर कपाळाला हात लावून परत आला. त्यामुळे भाऊंना या शब्दाचा थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

मागच्या भाद्रपदात, महालक्ष्म्या उठल्या आणि पितृपक्ष लागला त्या आठवड्यात, कामठीची प्रेमिला आली. नवरा गेल्यावर तिनं दोन जुन्या मशीनवर टायपिंगचा क्लास काढला होता, त्याची आता दहा मशीनं झाली होती. सगळी विश्वनाथभाऊंनीच जुन्या बाजारातून निवडून दिलेली. क्लासला परीक्षा केंद्राची मान्यता होती, म्हणून तर पोरी यायच्या. पण यंदा परीक्षा मंडळाचं पत्र आलं होतं. जानेवारीपासून परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर, त्याला दुप्पट मेमरी हवी, आणि तपासणीच्या दिवशी दहाच्या दहा मशीनं चालली पाहिजेत. नाही तर केंद्र रद्द. आणि केंद्र गेलं की क्लास गेला, हे कोणी लिहून सांगायची गरज नव्हती.

"भाऊ, पैसे घेऊनच आली," प्रेमिला म्हणाली. "दहा पट्ट्या देऊन द्या, आजच घेऊन जाईन."

"पितृपक्ष चालू आहे ना ताई. नवी वस्तू काहून घेता या दिवसांत? दसऱ्याले घ्या. भाव पण उतरून राहील तवापर्यंत."

"मी नाही पाळत जी पितृपक्ष. काम अडून राहिलं."

"जानेवारीले चार महिने आहेत. माझं ऐका, थांबा."

तिनं ऐकलं. सीताबर्डीतल्या गोलूकडून, म्हणजे ज्या ठोक विक्रेत्याकडून भाऊ माल आणत त्याच्याकडून, त्या दिवशी एका फोनवर दहा पट्ट्या आल्या असत्या. भाऊंनी तो फोन केला नाही.

दसऱ्याला केला, तर गोलूनं दीडपट भाव सांगितला. भाऊ भडकले. गोलू माल दाबून बसलाय असं त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं, आणि प्रेमिलाला कळवलं, दिवाळीनंतर घेऊ, आपोआप ताळ्यावर येईल. दिवाळीनंतर भाव दुप्पट होता. डिसेंबर लागता लागता तिप्पट.

"माझ्यावर कायले तापता भाऊ?" गोलू म्हणाला. "तिकडे एआयवाल्यांनी फॅक्टरीतला माल बनायच्या आधीच उचलला. आपल्या इकडे पण मोठाले डेटा सेंटर बनून राहिले. त्यांच्यापुढे आपल्या दहा पट्ट्यांले कोण विचारते? पेपर वाचत नाही का तुम्ही?"

वाचत होते की. भारतात मेमरी चिपचा बाजार कसा झपाट्यानं वाढतोय, यावर अर्धं पान आलं होतं, आणि ते भाऊंनी मोठ्या कौतुकानं कापून दुकानात चिकटवलं होतं. आपल्या देशाचं नाव होतंय म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी ते कात्रण ओरबाडून काढलं. भिंतीचा पोपडाही त्याच्यासोबत निघाला.

मग हा माणूस कामाला लागला. प्रेमिलाजवळच्या पैशांत तीनच पट्ट्या बसल्या. उरलेल्या सातांसाठी भाऊ दवाखान्या-दवाखान्यातून अडगळीतली मशीनं मागत फिरले. ज्यांच्याकडून सत्तावीस वर्षांत काही मागितलं नव्हतं त्यांच्या रिसेप्शनवर तासतास बसले. चार पट्ट्या मिळाल्या. एक स्वतःच्या दुकानातल्या मशीनची काढली, दोन घरच्या. घरची काढताना मुलगी मुग्धा समोरच उभी होती. तिचं कॉलेजचं प्रोजेक्ट त्याच मशीनवर चाललं होतं.

"बाबा, मी काय करू मग?"

"थांब थोडं," भाऊ म्हणाले, आणि म्हणताच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तपासणीच्या दिवशी ते सकाळीच कामठीला गेले. दहाही पट्ट्यांवर खोडरबर फिरवलं, दहाही मशीनं सुरू करून पाहिली. मंडळाचे साहेब आले, भला माणूस होता. सॉफ्टवेअर लावलं. नऊ मशीनं चालली. सातवं मशीन, दवाखान्यातली पट्टी घातलेलं, बंद पडलं आणि टीं टीं करत राहिलं. भाऊंनी पट्टी काढली, घासली, बसवली. पुन्हा टीं टीं. साहेबांनी अर्धा तास वाट पाहिली, चहा घेतला, पुन्हा अर्धा तास वाट पाहिली. शेवटी ते म्हणाले, "बाई, मला नऊच लिहावे लागतील."

ते गेल्यावर प्रेमिलानं सातव्या मशीनचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी पैसे घेऊन आली होती ना, भाऊ."

भाऊंनी खोडरबर खिशात घातलं.

केंद्र रद्द झालं. पोरींना सरावाला आणि परीक्षेला नागपुरातलं केंद्र मिळालं. ज्यांना जमलं त्या गेल्या. काजल नावाची सगळ्यात वेगानं टाइप करणारी पोरगी होती, तिच्या घरच्यांनी रोज ऑटोनं नागपूरला जायला साफ नकार दिला. मार्चमध्ये तिचं लग्न ठरलं. ती पत्रिका द्यायला आली, बंद मशीनसमोर थोडा वेळ बसली आणि गेली.

त्यानंतर आठवड्यानं प्रेमिलानं क्लास विकायला काढला. गोलूला विचारलं तर तो म्हणाला, मशीनं नको, नुसत्या रॅम द्या, डबे भंगारात टाका. पट्ट्या काढायला अर्थातच विश्वनाथभाऊ आले. प्रेमिलानं जुन्या साड्यांच्या शिवलेल्या मशीनवरच्या खोळी त्यांनी एकेक उचलून घडी करून ठेवल्या. स्वतःच्या तीन पट्ट्याही त्यांनी तिच्याच ढिगात टाकल्या, तिला न सांगता. पहिली पट्टी हातात आली तसं खिशातलं खोडरबर निघालं. विकायच्या मालाला त्याची काही गरज नव्हती, तरी ते घासत बसले.

"भाऊ," प्रेमिला म्हणाली, "गोलू म्हणे भाव अजून चढून राहिला. आज देऊन टाकू, का थांबू?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. नऊ वर्षं ती प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारत आली होती.

विश्वनाथभाऊंनी खोडरबर खाली ठेवलं. सत्तावीस वर्षांचा तो शब्द सवयीनं ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"मले नका विचारू, ताई."

प्रेमिलानं क्षणभर वाट पाहिली. मग तिनं पट्ट्या भरायला पिशवीचं तोंड उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.