बरी आहे म्हणायची सवय

"कशी आहेस?" असं डॉक्टर विचारायचे आणि मी "बरी आहे" म्हणायची. नवल काही नाही. आमच्याकडं मोठ्या माणसानं विचारलं की सगळं बरंच असतं, घराला आग लागलेली असली तरी.

मला मिरगी होती. बाबा नागपुराहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी माझ्या गळ्यातला ताईत विळ्यानं कापून टाकला. तेव्हापासून दर गुरुवारी दादा मला राळेगावहून एसटीनं यवतमाळच्या दवाखान्यात नेई. तिथल्या डॉक्टरांना एक खूळ होतं. मेंदूचं दुखणं असलेल्या आम्हा सहा जणांना ते व्हरांड्यात गोल बसवत आणि मनातलं बोलायला सांगत. गोळ्यांनी झटके थांबतात, भीती थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. नातेवाइकांना फाटकाबाहेर पाठवत, आणि ते गेले की आम्ही मुक्याचे मुके. हात थरथरणारी एक शिंपीण होती, ती तर तीन महिने नुसती जमिनीकडं बघत होती. माझा जीव चडफडायचा. या लोकांना तोंडं कशाला दिलीत, असं वाटायचं. तोंड माझंही बंदच होतं म्हणा.

माझं कारण वेगळं होतं. मला अमरावतीला बोर्डिंगात राहून मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. बाबांची अट एकच, तीन महिने झटका येता कामा नये. अडीच महिने नीट गेले. मग एका सकाळी घरामागं कुडाशी मी एकटीच पडले. उठले तेव्हा तोंडात रक्त होतं. चूळ भरली, अंगावरची माती झटकली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दोनच दिवसांनी गुरुवार आला. आमच्यात एक म्हातारे गाडीवान होते, कापसाच्या गाड्या जिनिंगला नेणारे. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता आणि वाचेत बैलांना म्हणायचा "चाल" एवढाच शब्द उरला होता. बैठकीनंतर सगळे तिथंच शिदोरी सोडत. आम्ही कोणत्या जातीचे, हे या बुवांना ठाऊक होतं, म्हणून ते पहिल्यापासून माझ्याकडं पाठ करून जेवत. मला ते फार लागे. त्या दिवशी मात्र त्यांनी तोंड वळवलं आणि डाव्या हातानं ठेचा लावलेली भाकर माझ्यापुढं धरली. नाही कसं म्हणणार? मी घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

बुवा बघत राहिले. मग त्यांनी स्वतःची जीभ बाहेर काढून तिच्यावर बोट ठेवलं, तेच बोट माझ्याकडं केलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चाल. चाल."

डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली. कडेला दातांच्या खुणा होत्या. मला म्हाताऱ्याचा असा संताप आला की उरलेली भाकर त्याच्या अंगावर फेकावी. डॉक्टर म्हणाले, घरी मी सांगणार नाही, इथलं इथंच राहतं. फक्त त्यांनी विचारलं, बोर्डिंगात पाणी कुठून आणतात? विहिरीवरून, मी म्हटलं. विहिरीच्या काठावर झटका आला तर काय होईल, ते मला तिथंच दिसलं.

एसटी स्टँडवर मी दादाला सांगून टाकलं.

"काहून लपवलं मंग?" तो म्हणाला.

"तुमीच तीन महिने म्हटले म्हणून. मले कोणी विचारलं होतं काय?"

बाबांनी तीन महिने पुन्हा पहिल्यापासून धरले. तोवर ट्रेनिंग सुरू झालं. भरलेला अर्ज मी पेटीच्या तळाशी टाकला.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं.

"बरी नाही," मी म्हटलं. "बिलकुल बरी नाही. माझं वर्ष गेलं. मले सगळ्यायचा राग येते. तुमचा बी, आन् या बुवाचा बी."

बुवांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता उरलेला वेळ सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसणार.

तेवढ्यात शिंपिणीनं थरथरणारा हात दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"मले बी येते, बाई," ती म्हणाली. "रोज येते."