अण्णांचं फाटक

माझ्या घरमालकांइतका संशयी माणूस साऱ्या येलहंक्यात सापडायचा नाही. अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूत; त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की वेगळं काढता येऊ नये. हयात गेली कंपन्यांची नेटवर्कं राखण्यात, आणि निवृत्त झाल्यावर तोच कायदा त्यांनी घराच्या फाटकाला लावला. दूधवाला येवो की सख्खी बहीण, प्रश्न ठरलेले : "कुठून? कुणाकडे? कशाला?" उत्तर पटलं तर, "सरी, या." गच्चीवरची खोली मागायला मी गेले तेव्हाही, "स्वल्प थांब. कुठून?" "सांगोल्याहून. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच," मी ताठ मानेनं म्हणाले. "ते कुठं विचारलं?" म्हणाले, पण खोली दिली.

त्यांचे दोन मुलगे, आईमागे वाटणीवरून बोलणं तुटलेले. "ह्यानं माझ्या फायली उघडल्या," असा आरोप झाला, तेव्हा अण्णांनी खाली थोरल्याचं आणि वर धाकट्याचं नेटवर्क वेगळं केलं, मध्ये जिन्याखाली फायरवॉलची पेटी बसवली. इकडचं तिकडे काही जाणार नाही. वाट ठेवली एकच : अण्णांच्या कॉम्प्युटरवरचा 'आई' नावाचा फोल्डर, दोघांनाही खुला. त्यात तिचे फोटो, तिची गाणी. कुणी नवं काही ठेवलं, की त्या दिवशी अण्णा कॉफी जास्तीची घेत आणि मलाही पाजत.

मग धाकट्याकडून काही येईनासं झालं. अण्णांची जास्तीची कॉफी बंद झाली. एकदा जिन्यात धाकट्यानं मला गाठलं. "अक्का, अण्णांना सांगा, मला बाहेर काढलंत, बरं केलंत. आईचे फोटोसुद्धा बघायचे नाहीत म्हणजे!" मी ते जसंच्या तसं सांगितलं. अण्णा तडक उठले आणि पेटीचे नियम उघडून बसले. धाकट्यानं इंटरनेट नवं घेतलं होतं, त्याच्या नेटवर्कचे आकडे बदलले होते. पेटी ओळखत होती जुने. अनोळखी दिसेल त्याला परत पाठवायचं, हे अण्णांनीच तिला शिकवलेलं.

"पोटचा पोरगा दारात येत होता," ते हळूच म्हणाले, "आणि मी त्याला कुठून म्हणून विचारत होतो."

आकडे बदलून ते गुडघे धरत स्वतः वर गेले. संध्याकाळी फोल्डरमध्ये नवा फोटो आला : फाटकात उभी आई, दोन्ही हातांत दोघांचे कान. खालून थोरल्याचं हसणं ऐकू आलं.

अण्णा जाऊन आता बरेच दिवस झाले. भाऊ अजून मोजकंच बोलतात; पेटीला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत. फाटक उघडंच असतं. बेळ्ळंदूरहून दमून आले, की तिथं माझे पाय आपोआप थांबतात.

"ऑफिसातून, अण्णा," मी म्हणते, आणि आत जाते.