सरपंचबाईंचे नवरे

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. तेव्हा मी सरपंच संघटनेचा अध्यक्ष होतो. बायका सरपंच असल्या तरी बैठकीला त्यांचे नवरेच येत. लांजीकडची एक सरपंचबाई मात्र स्वतः आली. उपसरपंच तिला पदावरून काढायला निघाला होता. संघटनेनं तिच्या बाजूनं पत्र द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"नवऱ्याले पाठव," मी म्हणालो. तो वारल्याचं मला ठाऊक होतं.

"ते तर गेले, भाऊ."

"मंग वरून बोलावून आण!"

सगळे नवरे खदखदून हसले. पत्र आम्ही दिलं नाही. तिचं पद गेलं.

परवा लांजीच्या बसमध्ये तिनंच उठून मला जागा दिली. "बसा, अध्यक्षसाहेब." मी बसलो. "चुकलो, बाई" एवढंच म्हणायचं होतं; तिचा फाटा आला, ती उतरून गेली.