काळी चार आणि पांढरी सहा यांच्यामध्ये

आत्या लग्नाआधी गात असे. केवळ तानपुऱ्यावर गायलेल्या तिच्या एका पदाची जुनी बोलती फिल्म छत्रीबागेतल्या तिच्या घरी कपाटात होती. त्या गाण्यात साथीला आपण नव्हतो, ही हळहळ तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, संसारभर जपली होती. म्हणून तिच्या पंचाहत्तरीला फिल्म पडद्यावर दाखवायची आणि काकांनी समोर बसून पेटी वाजवायची, असा बेत ठरला.

तुकोगंजातल्या माझ्या ऑफिसात मी फिल्म डिजिटल करून आणली. मूळ चित्रे सेकंदाला चोवीस. आमच्या यंत्राच्या सवयीने ती पंचवीस झाली. चित्र पळू लागले की आवाजही पदर खोचून मागे धावतो आणि धावता धावता चढतो. आत्याचा सायीसारखा दाट सूर कैरीसारखा करकरीत झाला.

तालमीला काकांनी एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग दोन्हींच्या फटीत बोट घालून पाहिले.

"बेटा, काळी चार लावली तर ही वर जाते, पांढरी सहा लावली तर खाली राहते. मधे तर नुसती लकडी आहे."

मी लॅपटॉपवर वेग उतरवला. सूर अलगद काळी चारवर येऊन बसला. काकांचा चेहरा निवला, आत्याचा पडला.

"ही कोण बाई?"

"तूच आहेस की," काका म्हणाले.

"मी मघाची होते. आवाज कसा कोवळा, मान कशी चटपटीत. ही तर जेवून उठलेली वाटते."

"अगं, पण मी साथ कशी करू?"

"ते तुम्ही दोघं बघा. मी आता खाली येणार नाही, समझे ना?"

उतरता येत नसेल तर चढावे, असे मी ठरवले. वेग पुन्हा वाढवला आणि नुसता सूर आणखी किंचित उचलला. तो नेमका पांढरी सहाला टेकला.

समारंभात काकांनी डोळे मिटून सबंध पदाला साथ केली. पाहुणे इतके खूश झाले की आता हेच पद आत्याच्या तोंडून समोर होऊ द्या, म्हणू लागले. काकांनी पांढरी सहा धरली. आत्याने मान हलवली. काका एक पट्टी उतरले. तिने पुन्हा मान हलवली. ते उतरत राहिले, ती मान हलवत राहिली. अखेर त्यांचे बोट काळी एकवर पोचले, स्वतः गुणगुणताना ते धरत त्या पट्टीवर.

"हां, बस," आत्या घसा साफ करत म्हणाली, "इथेच तर गायची मी."