सोळाव्या प्रकरणापुढची पानं

त्या वर्षांत मला काय काय आवडायचं हे सांगायचं तर सुरुवात पुस्तकापासून करायला हवी, आणि नेमकं तिथेच माझं डोकं फिरतं. म्हणून बाकीचं आधी सांगून टाकते.

मंडईची जत्रा आवडायची. दिवाळी झाली की नागभीडच्या आजूबाजूच्या गावांत एकामागून एक मंडया भरत आणि भर दुपारी दंडारीचं नाटक उभं राही. राणी झालेल्या गड्याच्या गालावर रंगाखालून दाढीचे खुंट दिसत, तरी तो रडायला लागला की मीही पदर डोळ्याला लावायचे. तो कालपर्यंत आमच्याच बांधीत धानाचे भारे वाहत होता हे सगळ्यांना ठाऊक असे. त्यालाही ठाऊक असे की आम्हाला ठाऊक आहे. असल्या सोंगाचा मला कधी राग आला नाही.

गोंडी गाण्यांचा रेला आवडायचा. तेंदूपानाच्या हंगामात मी मावशीबरोबर दोनदा धानोऱ्याकडे गेले होते. तिथल्या गोंड बायका पानं तोडता तोडता गायच्या. पुढची एक ओळ टाकी, मागच्या ती उचलून धरत. मला एक शब्द कळत नसे. मावशी चिडवायची, "काय समजते तुले त्यातलं, मान डोलवून राह्यली तं?" काही समजत नव्हतं, हे खरं. पण मधे बसून मला अर्थ सांगणारंही कुणी नव्हतं, म्हणून ती गाणी माझ्याकडे जशी आली तशी राहिली.

आणि पंचायतीचा रेडिओ. बॅटरी उतरली की गाणं मधेच बसायचं, बाईचा आवाज घोगरा होत होत बुवाचा व्हायचा. बायांनी चावडीपुढे थांबणं बरं दिसत नसे. मी भरलेली घागर डोक्यावर घेऊन तिकडून लांबचा फेरा मारायचे आणि पायात काटा गेल्याचं निमित्त करून एक अख्खं कडवं ऐकून घ्यायचे. मान अवघडून जाई. कुणी विचारलं तर काटा दाखवायला मी एक खरा काटा पदराच्या टोकाला बांधून ठेवला होता.

आता पुस्तक.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आमच्या ओसरीत दुपारी सात-आठ बायका बिड्या वळायला बसत. भिजवलेली पानं पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू, बोटांना काम आणि तोंड रिकामं. माझी वहिनी चौथी शिकलेली. ती वाचायची आणि आम्ही ऐकायचो. वाचणारीचे हात अडकलेले, म्हणून उठताना प्रत्येकीने आपल्या बिड्यांचा एक कट्टा तिच्या सुपात टाकायचा, अशी आमची रीत होती. त्यावरून कधी कुणी कुरकुर केली नाही, कारण वहिनी वाचायची फार सुरेख. बोट जिभेला लावून पान उलटायची. सासूचा आवाज वेगळा, नवऱ्याचा वेगळा, आगगाडीची शिट्टीसुद्धा तोंडाने. शाळेच्या मास्तरांच्या पेटीतून ती पुस्तकं आणायची आणि पावसाळाभर पुरवायची.

वहिनीचं आणि माझं साटंलोटं. ती माझ्या भावाला दिलेली, मी तिच्या भावाला. दोन्ही लग्नं एकाच मांडवात उरकलेली. यातली अट कुणी बोलून दाखवत नाही, पण ती प्रत्येकाला माहीत असते: एकीकडची लेक परत आली, तर दुसरीकडचीही परत पाठवायची.

आणि मी परत आले होते. माझा नवरा बल्लारपूरला कामाला होता. तो मारत नव्हता, पीत नव्हता, त्यामुळे माझी तक्रार कुणाला पटायची नाही. तो कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावून जायचा. एक खोली, एक खिडकी, आणि संध्याकाळपर्यंत मी आत. पाच वर्षं मी हे सोसलं आणि एका सणाला माहेरी आले ती गेलेच नाही. माय गावात सांगायची, "चार दिवस इसाव्याले आली हाय." त्या चार दिवसांचे चार महिने झाले होते. वहिनीला दोन लेकरं होती, धाकटं अंगावर पिणारं. ती मला काही बोलत नव्हती. उलट माझ्या ताटात भाजी जरा जास्तच वाढायची.

त्या पावसाळ्यात तिने जी कादंबरी वाचायला घेतली, तिच्या पुठ्ठ्यावर छत्री घेतलेल्या बाईचं चित्र होतं. ही बाई नवऱ्याचं घर सोडून निघते. नवरा वाईट नसतो, पण घरात तिला श्वास घेता येत नाही. मी बिडी वळायची विसरून जायचे. माझ्याच मनातलं कुणीतरी, मला न विचारता, छापून ठेवलं होतं! एवढं कुठलंच गाणं, कुठलीच दंडार मला आवडली नव्हती.

त्याच महिन्यात ग्रामसेविका आमच्याकडे आल्या. नागपूरला बायकांसाठी एक आश्रम आहे, म्हणाल्या. दोन वर्षं राहायचं, लिहायला-वाचायला शिकायचं, शिवणकाम शिकायचं. एक जागा आहे, महिना संपायच्या आत सांग. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला भीती वाटत होती. एवढ्या मोठ्या शहरात एकट्या बाईमाणसाचं काय होतं, हे मला सांगणारं माझ्या ओळखीत एकच माणूस होतं, आणि ते पुस्तकात होतं.

मी मूर्ख, ते वहिनीलाच बोलून बसले. रात्रीचा तांदूळ निवडताना म्हटलं, "वहिनी, ते छत्रीवाली पुढं काय करते ते पाहू दे. मंग मी काय ते ठरवीन."

"पाहू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी तिने पुस्तक उघडलं आणि उरलेलं सगळं दोन बैठकींत वाचून संपवलं. छत्रीवाली शहरात भटकली, तिला कुणी थारा दिला नाही, पावसात भिजून ती आपल्याच दाराशी परत आली. आत नवरा तापाने फणफणलेला. तिने त्याला पाणी पाजलं. तो म्हणाला, तू येशील म्हणून मी दार उघडंच ठेवलं होतं. वाचताना वहिनीला दोनदा थांबावं लागलं. ओसरीतल्या सगळ्या बायका रडल्या. मी सगळ्यांत जास्त रडले, आणि आठवड्याभरात बल्लारपूरला गेले. नवऱ्याने माझं गाठोडं आत ठेवलं. सकाळी कामावर जाताना कडी लावली.

आश्रमातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

बल्लारपूरला माझी शेजारीण सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी. वस्तीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता, त्यात ती जायची. नवरा कामावर गेला की ती कडी काढून माझ्याकडे येऊन बसे आणि त्याच्या यायच्या वेळेला बाहेरून पुन्हा कडी लावून जाई. तिचं मराठी माझ्यापेक्षा कच्चं, पण अक्षरं पक्की. चुलीच्या राखेवर बोटाने तिने मला क शिकवला. एका वर्षात मी अडखळत ओळी वाचायला लागले. मग ती वर्गाच्या पेटीतून पुस्तकं आणायला लागली आणि एक दिवस छत्रीवाली घेऊन आली.

मी पुस्तक छातीशी धरलं. पहिलं वाक्य मला पाठ होतं. शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेले आणि ते अगदी वहिनीच्याच आवाजात निघालं. कितीतरी दुपारी मी त्या पानांत मजेत होते. सोळा प्रकरणं तशीच, शब्दाला शब्द. सतराव्यात ती आगगाडीत बसली आणि परत फिरलीच नाही.

मला वाटलं, मलाच अजून नीट वाचता येत नाही. मी पुन्हा वाचलं. मग शेजारणीला वाचायला लावलं. तिनेही तेच वाचलं. छत्रीवाली दूरच्या गावी जाते, तिथे मुलींच्या शाळेत कामाला लागते, नवऱ्याचं एक पत्र येतं आणि ती त्याला उत्तर लिहीत नाही. ताप नाही, पाणी नाही, उघडं दार तर नाहीच नाही. शेजारीण म्हणाली, "एमैंदी? काय झालं?" मी ती पानं मागेपुढे चाळत राहिले. ती तीन दिवसांची डोकेदुखी मला आठवली. पान उलटताना जिभेला लावलेलं ते बोट आठवलं. रिकामं नाटक करत ती पानामागून पान उलटत होती, डोळे ओळींवर ठेवून, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, देवाच्या तोंडाकडे पाहावं तशी.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने कडी काढली तेव्हा मी पुस्तक पदरात घेतलं आणि स्टेशनवर गेले. छोट्या गाडीने दुपारपर्यंत नागभीड.

ओसरीत बायका बसलेल्या होत्या. वहिनीच्या हातात दुसरं कुठलं तरी पुस्तक होतं. मी माझं तिच्या सुपात टाकलं, तंबाखूवरच.

"वाच. सोळाच्या पुढं."

तिने पुठ्ठा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "तुले वाचता येते?"

"येते."

"कवापासून?"

"काऊन केलं असं, वहिनी?"

तिने पुस्तक तंबाखूतून उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माह्ये दोन लेकरं हायेत, बाई. तू नागपूरले गेली असती तं तुह्या मायनं मले त्याच आठवड्यात पोचवून देल्लं असतं. लेकरं इथीच ठेवून घेतली असती."

"तुह्या भावाच्या घरी दाराले बाहेरून कडी लागते, हे ठावकं होतं तुले?"

"होतं."

"मंग मले सांगाचं होतं. जाऊ नको म्हनाचं होतं. तुह्यासाठी मी राह्यली असती."

"अन् नसती राह्यली तं?"

मी पुस्तक उचललं आणि उभ्यानेच सतरावं प्रकरण मोठ्याने वाचायला लागले. अडखळत, चिडून, घाम पुसत. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कोपऱ्यातली म्हातारी शेजारीण, जिला मी लहानपणापासून आजी म्हणायचे, ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, "पन ते वापस आली होती तेच बरं वाटलं होतं मले." दोघी-तिघींनी माना हलवल्या.

त्या घटकेला मला त्या सगळ्यांचा संताप आला. पण आता, एवढी पुस्तकं वाचून झाल्यावर, कबूल करते: वहिनीचा शेवट जास्त चांगला होता. छापलेला शेवट कोरडा आहे, लेखकाला घाई झाली असावी. तापातला नवरा, उघडं दार, हे सगळं तिने तीन दिवसांत, कुशीला लेकरू घेऊन, मनातल्या मनात रचलं. तिला कुणी कधी लिहायला बसवलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. ही तारीफ मी तिच्यापाशी कधी केली नाही. एवढं चांगलं रचता येतं म्हणून तर फसले ना मी!

संध्याकाळी मी मायला सांगितलं की मी आता जाणार नाही. भाऊ शेतातून आला, तिने त्याच्या कानावर घातलं. दोन दिवस घरात ताटं वाढली गेली आणि उचलली गेली, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाने बंडी जुंपली आणि वहिनीला माहेरी पाठवायला स्टेशनवर घेऊन गेला. धाकटं तिच्याबरोबर दिलं. थोरली पोरगी, पाच वर्षांची, आम्ही ठेवून घेतली. बंडीत बसताना वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर भाऊ थांबला असता. तो मनाने वाईट नव्हता, कुणीतरी थांबवावं याचीच वाट पाहत होता. मी दारात उभी होते. बोलले नाही. माझा राग तेव्हा एवढा मोठा होता की मला तो न्याय वाटला.

पोरगी दिवसभर अंगणात खेळली. दुपारी बायका आल्या, बसल्या, कुणी वाचायला सांगितलं नाही. पोरगी माझ्या मांडीला टेकली आणि विचारलं, "आत्या, माय कवा येते?"

बायकांचे हात चालूच होते, पण सगळ्या ऐकत होत्या. वहिनी कधी येईल, येईल की नाही, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"दिवाळीले येते," मी म्हणाले. "तुह्यासाठी लाल झंपर घेऊन येते. तुह्या मामानं बंडी जुंपूनच ठेवली हाय."

पोरगी हसली. मला कुठे अडखळायलाही झालं नाही.