हॅलोबाईंचा बोगदा

हॅलोबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या रुग्णालयात कुणी उरलं नव्हतं. ते नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. एकोणीस वर्षं बाई तळमजल्यावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसल्या. लाइन जोडून देण्याआधी त्या आपल्या खणखणीत आवाजात एकदा ‘हॅलो’ म्हणून बघायच्या. पलीकडून हॅलो आलं की लाइन चांगली. मग डॉक्टरांनी तिच्यावर तासभर सल्लामसलत करावी नाहीतर कडाकडा भांडावं, ती कधी दगा देत नसे.

पुढे एक्स्चेंज मोडीत निघालं, खोलीत कॉम्प्युटरची कपाटं आली आणि बाकीच्या ऑपरेटर नोंदणी खिडकीवर गेल्या. बाई खोली सोडेनात. ‘तारा बदलल्या म्हणून काय झालं, माणसं तीच आहेत ना बोलणारी,’ असं म्हणत त्यांनी चाळिशी उलटल्यावर जाडजूड पुस्तकं आणली, सुट्टीच्या दिवशी जुनी मशिनं खोलून पाहिली आणि पाच वर्षांत रुग्णालयाचं सगळं नेटवर्क आपल्या पदराला बांधलं. हॅलोची सवय मात्र सुटली नाही. आता त्या पिंग पाठवत, म्हणजे एक चिमुकला निरोप, ‘आहेस का?’ एवढाच. पलीकडून ‘आहे’ आलं की बाई खूश.

डोंगरापलीकडे रुग्णालयाचं एक लहान केंद्र होतं. तिथे एक परिचारिका, एक तंत्रज्ञ आणि एक एक्स-रे मशीन. फोटो तिथे काढायचा, तो कुलूपबंद होऊन तारेवरून मोठ्या रुग्णालयात यायचा, इथले डॉक्टर तो वाचायचे आणि पाऊण तासात तिकडे कळवायचे. परिचारिका म्हणजे बाईंची सख्खी थोरली वहिनी. नणंद-भावजयीचं एरवी गूळपीठ होतं. पण वहिनी चिडल्या की ‘अगं’चं ‘अहो’ व्हायचं आणि बाईंना ‘वन्सं’ म्हटलं जायचं, आणि मग बाई सावरून बसायच्या.

तर झालं असं, की लाइन पुरवणाऱ्या कंपनीने ती खास तार बंद करायचं ठरवलं. आता केंद्राला घरोघरी असतं तसलं साधं इंटरनेट. प्रशासकसाहेब कमी बोलणारे आणि तारीख पाळणारे. त्यांनी लेखी कळवलं: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नव्या व्यवस्थेतून फोटो आला नाही, तर मशीन तिथून हलवून शहरात आणायचं. ट्रक सांगून ठेवला आहे. म्हणजे तिकडच्या माणसाने मोडका पाय घेऊन तीन तास बस सोसायची. वहिनींनी असे रुग्ण पूर्वी पाहिले होते. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, की मशीन गेलं तर मी तिथे बसून नुसत्या पट्ट्याच बांधायच्या का.

बाईंनी कंबर कसली. दोन्ही टोकांना लिनक्स प्रणालीवर चालणारं एकेक लहान मशीन ठेवलं. लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि त्या कर्नेलमध्येच बोगदा करायची सोय असते, फक्त ती जागी करावी लागते. बोगदा म्हणजे काय, तर घरातलं पत्र जसंच्या तसं दुसऱ्या पाकिटात घालायचं, वर बाहेरचा पत्ता लिहायचा, आणि पलीकडच्या मशीनने पाकीट फोडून आतलं पत्र ज्याचं त्याला द्यायचं. बाईंनी तो भाग चालू केला, बोगद्याला नाव दिलं, दोन्ही टोकांना पत्ते दिले. मग श्वास रोखून पिंग सोडला. दुसऱ्या क्षणी उत्तर आलं.

सोमवार होता. बाई तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि काम झाल्याचं सांगून आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवारी वहिनींकडून रुग्णाचं नाव आलं, वय आलं, कुठला पाय तेही आलं. फोटो आला नाही. पडद्यावर फोटो किती आला ते दाखवणारी पट्टी थोडी सरकली आणि रुसल्यासारखी थांबली. बुधवारी तेच. बाईंनी केंद्रातल्या एक्स-रे मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये इथूनच शिरून पाहिलं. छोटे हुकूम ते झटक्यात पाळायचं, पण लांब यादी दाखव म्हटलं की पडदा गोठायचा. बाईंनी निदान केलं की मशीन म्हातारं झालंय. तंत्रज्ञ म्हणाला एक्स-रेचं सॉफ्टवेअर जुनाट. लाइनच्या कंपनीने कानावर हात ठेवले. बाई दर दहा मिनिटांनी पिंग पाठवत आणि दर वेळी तो सुखरूप परत येई, त्यामुळे बोगद्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं काम जोरात चाललं होतं.

गुरुवार असाच गेला. साहेबांनी ट्रक पुढे पाठवल्याचं कळवलं. बाईंना जेवण गेलं नाही. आपल्या हातून त्या माणसांचं मशीन जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला वहिनींचा फोन आला. ट्रक फाटकाशी येऊन उभा होता आणि आवाजात ‘अहो’ होतं.

“वन्सं, काल मी तुम्हाला सगळं सविस्तर लिहून कळवलं. दोन ओळींचं उत्तर द्यायला काय झालं होतं?”

बाई म्हणाल्या की मला काहीच मिळालं नाही, ‘फोटो आला का’ एवढं एकच मिळालं.

“असं कसं? दोन्ही याच खुर्चीत बसून, याच पडद्यावरून पाठवलं. ते एवढंसं पोचलं आणि माझं पत्र नाही?”

“केवढं होतं पत्र?”

“चांगलं दोन पानं. मशीन गेलं तर कुणाकुणाचे हाल होतील ते नावानिशी लिहिलंय, आणि शेवटी तुम्हालाही चार शब्द सुनावलेत. हातचं राखलं नाही काही.”

बाईंनी की-बोर्ड जवळ ओढला. मग हळूच म्हणाल्या, “वहिनी, फोन ठेवू नका. पण माझ्याशी बोलूही नका.”

लहान निरोप येतो, लांब येत नाही. नाव येतं, फोटो येत नाही. छोटा हुकूम चालतो, लांब यादी अडकते. तीन दिवस हे डोळ्यांसमोर होतं आणि बाई हॅलो हॅलो करत बसल्या होत्या. टेलिफोनच्या तारेला हॅलो आणि रामकहाणी सारखीच. इथे तसं नव्हतं, इथे रस्त्याला माप होतं.

त्यांनी पहिल्यांदाच मोठा पिंग पाठवला, तुकडे करू नकोस अशी ताकीद देऊन. हजार बाइटचा गेला. चौदाशेचा गेला. चौदाशे चाळीसचाही गेला. चौदाशे एक्केचाळीसला चिडीचूप.

मग हिशेब जुळला. आपल्या पाकिटाची जाडी त्यांनी धरली होती, पण केंद्राकडची कंपनी त्यावर स्वतःचं आणखी एक पातळ वेष्टण घालत होती, ते बाईंनी विचारलंच नव्हतं. लांब मजकुराची काठोकाठ भरलेली पाकिटं त्या रस्त्याच्या तोंडात मावत नव्हती आणि टाकून दिली जात होती. आणि रस्ता तसं कळवत नव्हता का? कळवत होता. ‘पाकीट मोठं आहे, लहान पाठवा’ अशी चिठ्ठी दर वेळी परत येत होती. पण तीन वर्षांपूर्वी, बाहेरून भलतंसलतं शिरू नये म्हणून, बाईंनीच फायरवॉलला सांगून ठेवलं होतं की असल्या चिठ्ठ्या दारातच फेकायच्या. मुभा होती ती फक्त पिंगला. नव्या लिनक्स मशिनांवरही त्यांनी तेच नियम डोळे झाकून उतरवले होते.

“माझंच कर्म,” बाई स्वतःशी पुटपुटल्या.

काम दहा मिनिटांचं होतं. दोन्ही टोकांना बोगद्याचं माप चौदाशेवर आणलं, जरा सैलच. ‘पाकीट मोठं आहे’ म्हणणाऱ्या चिठ्ठीला दार उघडलं. प्रत्येक नव्या जोडणीला सुरुवातीलाच माप सांगायचं, असा एक नियम लिहिला. मशीन बंद होऊन चालू झालं तरी हे टिकावं म्हणून सगळं फाइलीत नोंदलं, आणि दोनदा वाचलं. हुकूम छोटे होते, ते बिनबोभाट गेले.

“वहिनी, पाठवा.”

तिकडे सकाळीच एक पोस्टमन पायरीवरून घसरून आला होता. घोटा सुजून भोपळा झालेला. त्याचं नाव आलं, वय आलं. पट्टी सरकली, तिथवर गेली जिथे ती रोज थांबायची, आणि पुढे गेली. घोट्याचं हाड न् हाड पडद्यावर उमटलं. बाईंच्या जिवात जीव आला आणि डोळ्यांत पाणी. त्या तशाच वर डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टर म्हणाले, बारीकशी भेग आहे, तिथेच प्लास्टर घाला, इकडे आणायचं कारण नाही.

साडेअकराला बाई प्रशासकसाहेबांपुढे उभ्या होत्या. फोटो आल्याचं त्यांनी सांगितलंच, पण तिथे थांबल्या नाहीत. सोमवारी झालं म्हणाले ते चुकलं, मशीन आणि माणसं चांगली होती, चूक माझी, हेही सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि फोन उचलून ट्रकला परत यायला सांगितलं. मग म्हणाले, अशी आणखी पाच केंद्रं आहेत, तिथे एक्स-रे न्यायचं माझ्या मनात होतं, जमेल का. बाई हो म्हणाल्या.

खाली आल्या तर वहिनींचं पत्र येऊन पडलं होतं. पुन्हा पाठवलेलं, अख्खी दोन पानं. माणसांची नावं, त्यांची दुखणी, आणि शेवटी ते चार शब्द, जे चाळीस तरी होते. त्याखाली आज नव्याने लिहिलेली एक ओळ होती: ‘अगं, वरचं सगळं कालचं आहे, मनावर घेऊ नकोस. पोस्टमन चहा घेऊन घरी गेला.’

बाईंनी ते पत्र पुसलं नाही. पुढच्या वर्षभरात त्यांनी पाचही केंद्रांना बोगदे केले. दर ठिकाणी पिंगचं उत्तर आलं की तिथला तंत्रज्ञ खूश होऊन उठू लागे, आणि बाई त्याला हाताने खाली बसवत. मग त्या तिथून वहिनींचं पत्र मोठ्या रुग्णालयात सोडत आणि तिकडून ते फोनवर शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून घेत. पोस्टमन चहा घेऊन घरी गेला, हे पलीकडून ऐकू आल्याशिवाय त्या साहेबांना काही कळवत नसत.