बेल्टच्या खाचेतला गणपती

गाड्या मुद्दाम भिंतीवर आदळवणं हे माझं काम. आत माणसाएवढी डमी बसवतो. तिच्या छातीतली यंत्रं सांगतात, बरगड्या किती दबल्या.

थोरल्या भावानं मंचरला नवी गाडी घेतली, ओझरला पूजा केली आणि आळेफाट्यावरून एक चकती आणली. ती बेल्टच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि घंटी वाजत नाही. चकतीवर गणपतीचं चित्र होतं. मी चिडून ती उपसली.

"राहू दे रं," तो म्हणाला. "बेल्ट लई टोचतो. आन देवाला उपटून टाकतो व्हय?"

मी पुण्याला परतल्यावर त्यानं ती पुन्हा बसवली.

त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. नंतर मी ती पाहिली. पुढचा भाग चेपला होता, पण त्याची बसायची जागा शाबूत होती. बेल्ट असता तर तो वाचला असता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चकती खाचेत घट्ट होती. गणपतीवर साधा ओरखडाही नव्हता.

अजूनही चाचणीआधी डमीचा बेल्ट मीच लावतो. खांद्यावरून ओढून घट्ट करतो. ती कधीच म्हणत नाही, टोचतंय म्हणून.